मोठे साडू आणि क्लचचं तेल

आपलं काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, हा गुण एखाद्या माणसात किती विकोपाला जाऊ शकतो हे ज्याला पाहायचं असेल त्याने माझ्या मोठ्या साडूंना भेटावं. मात्र जाताना जुने कपडे घालून जावं. हे मी स्वतःच्या सात-आठ चांगल्या शर्टांच्या अनुभवावरून सांगतो आहे. त्यांच्या घरी गेलेला पाहुणा चहा येईपर्यंत कुठल्यातरी यंत्राचं एक टोक धरून उभा असतो, आणि चहा आल्यावर तो मोकळ्या हाताने पितो. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा माझ्या अंगावर सासऱ्यांनी शिवून दिलेला सफारी होता. 'या, बसा' म्हणायच्या ऐवजी साडूंनी 'हे जरासं धरा जी' म्हणून पाण्याच्या मोटारीचं ओलं, काळं धूड माझ्या हातात दिलं. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. तो सफारी पुढे पायपुसणं झाला, आणि मी काय झालो ते खाली येईलच.

हे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आमच्यात सगळे ताई म्हणतात, आणि बायको यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. साडूसाडूंचं नातं मुळातच विचित्र असतं. रक्ताचं नाही, निवडीचं नाही. दोघांनी एकाच घरच्या मुली केल्या एवढ्या कारणावरून जन्मभर एका पंगतीला बसायचं. त्यात मोठ्या साडूचा मान आमच्याकडे असा, की सूर्य पश्चिमेला उगवतो असं तो म्हणाला तरी धाकट्याने 'आज जरा उशीरच झाला त्याला' एवढंच म्हणावं. मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, सूर्य कुठे उगवतो ते शेकडो मुलांना पटवलं, पण भाऊजींपुढे माझा भूगोल कधी चालला नाही. ते मला 'मास्तर' म्हणतात. या शब्दाचा त्यांच्या तोंडी असलेला अर्थ 'ज्याला हाताने काही करता येत नाही तो' असा आहे.

भाऊजी मूळ उमरेडचे, विणकराच्या घरातले. वडिलांचा हातमाग होता, त्याची खुंटी न् खुंटी वडिलांनी स्वतः तासली होती, सुतार म्हणून घरात कधी आला नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की तो माग मी न पाहताही काढून दाखवू शकेन. माग पुढे बंद पडला. भाऊजी सावनेरकडच्या एका कोळशाच्या खाणीत पाणी उपसायच्या पंपांवर हेल्पर म्हणून लागले आणि बत्तीस वर्षांनी फोरमन होऊन निवृत्त झाले. आता शहराच्या टोकाला वाडीत, ट्रकांच्या गोदामांच्या मागच्या प्लॉटांच्या ले-आउटमध्ये, स्वतः उभं राहून बांधलेल्या घरात राहतात. त्या घरातला एकही दरवाजा काटकोनात नाही आणि एकही दरवाजा कुरकुरत नाही.

त्यांचा कूलर त्यांनी खाणीत हवा सोडायच्या पंख्याच्या धर्तीवर बनवला होता. तो लावला की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यात जाई आणि आपल्या पोह्यांवरची शेव शेजारच्याच्या प्लेटीत. मिक्सर त्यांनी एकदा असा दुरुस्त केला की पातं उलटं फिरू लागलं. ताईंनी कुरकुर केली तर म्हणाले, "चटणी बारीक झाल्याशी मतलब ठेव न वं. ते कोणीकडून फिरते त्याचं तुले काय करायचं आहे?" दुखणारी दाढ त्यांनी घरीच पकडीने उपटली अशी आख्यायिका आमच्या नातेवाइकांत आहे. मी एकदा विचारलं तर ते चक्क रागावले. "पकडनं कुठून काढन? पकड त्या दिवशी तुमच्या घरी होती." मग कशाने काढली, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

मेकॅनिक या जमातीवर तर त्यांचा विशेष राग. "डाक्टर अन् मेकॅनिक, दोघंही खोलल्याबिगर सांगत नाहीत अन् खोलल्यावर घाबरवतात," असं ते म्हणत. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीने एकदा काळजीपोटी क्लच दुरुस्तीचा व्हिडिओ माझ्या फोनवर पाठवला. भाऊजींनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला आणि फोन मला परत देत म्हणाले, "ह्याची कॉलर पाहा किती साफ आहे. हा मानूस काम नाही करून राहिला, जाहिरात करून राहिला."

आता त्या डब्याबद्दल सांगितलंच पाहिजे. निवृत्तीच्या समारंभात भाऊजींना शाल-श्रीफळ मिळालं, ते त्यांनी तिथल्या तिथे ताईंच्या पिशवीत टाकलं. पण त्यांच्या पंपावरच्या माणसांनी आपसात वर्गणी काढून त्यांना वीस लिटरचा एक सीलबंद डबा भेट दिला होता: ज्या तेलावर भाऊजींनी बत्तीस वर्षं खाणीतली हायड्रॉलिक यंत्रं चालवली, त्याच तेलाचा. तो हातात घेताना हा माणूस रडला, असं ताई सांगतात. जिन्याखाली पाटावर तो डबा ठेवलेला असे, वर धुतलेला टॉवेल. शिलाई मशीन, झोपाळ्याच्या कड्या, सायकल, कुलपं, सगळ्यांना त्यातलंच तेल. ताईंच्या गुडघ्यांनाही तेच. "सांधा लोखंडाचा काय अन् हाडाचा काय, सुकला का कुरकुरते," हे शास्त्र. ताईंच्या गुडघ्यांना गुण आला नाही, साड्यांना डाग मात्र पडले. पण ताईंनी ते तेल लावून घ्यायला कधी नाही म्हटलं नाही, आणि आज मला वाटतं, त्या घरात शहाणं माणूस ते एकच होतं.

भाऊजींची गाडी पांढरी, सेकंडहॅन्ड, आणि तिचा क्लच तारेवर नाही, तेलावर चालणारा. पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरमधलं तेल नळीतून खालच्या सिलिंडरमध्ये जातं आणि तिथून गिअरबॉक्सवरचा दांडा ढकलला जातो. म्हणजे खाणीतल्या यंत्रांचंच बारकं रूप, आणि भाऊजींनी गाडी घेतली ती त्याच लोभाने. बॉनेटखाली एक पांढरी डबी आहे. ब्रेकचं आणि क्लचचं तेल त्या एकाच डबीतून जातं. पुढचं सगळं दुःख त्या एका डबीत आहे. तिच्या झाकणावर कुठलं तेल टाकायचं ते ठळक लिहिलेलं आहे आणि सुरुवातीला भाऊजी तेच, बाजारातलं ब्रेकचं तेल टाकत. एकदा ते बॉनेटवर सांडलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथला रंग कांद्याच्या सालीसारखा निघून आला. भाऊजींनी त्या जागेवरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "जे तेल रंग खाते, मास्तर, ते आतलं रबर सोडन का?"

मीही मान डोलावली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. वाक्यच असं होतं की कुणालाही पटावं. अडाणी माणसाला अशी चूक करताच येत नाही. त्याला आयुष्यभर यंत्रांत हात घातलेला माणूसच लागतो. त्या दिवसापासून डबीतली पातळी खाली गेली की भाऊजी जिन्याखालच्या डब्यातलं तेल चहाच्या गाळणीने गाळून तिच्यात टाकू लागले.

क्लच पहिल्यांदा गेला तो वाडी नाक्यावर, दोन ट्रकांच्या मध्ये. पेडल दाबलं ते खाली गेलं आणि तिथेच बसलं. दुसऱ्या कुणी गाडी ढकलत कडेला नेली असती. भाऊजींनी इंजिन बंद केलं, पहिला गिअर टाकला आणि तशीच चावी फिरवली. गाडी गचके खात घरापर्यंत आली, वाटेत कुठेही न थांबता, म्हणजे वाटेत आडव्या आलेल्यांना थांबवत. घरी खाली झोपून पाहिलं तर खालचा सिलिंडर गळत होता. त्यातलं रबरी वायसर, म्हणजे वॉशर, गेलं होतं. भाऊजींनी ते एका दुपारी बदललं. बदलणं सोपं असतं. बदलल्यावर नळीत अडकलेली हवा काढावी लागते, आणि त्याला दोन माणसं लागतात. ताईंचे गुडघे असे, म्हणून ते दुसरं माणूस म्हणजे मी. धरमपेठेतल्या माझ्या घरून वाडीला, स्कूटरवर, मे महिन्यात.

एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने गाडीखाली झोपून पान्याने खालच्या सिलिंडरवरची एक बारकी चावी सैल करायची, म्हणजे हवा आणि तेल बाहेर पडतं. चावी बंद झाली की वरच्याने पेडल सोडायचं. चावी उघडी असताना सोडलं, तर हवा परत आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. एवढंच काम, पण ते साठ-सत्तर वेळा, आणि अंगणात सावली नावाला नाही. खालून आज्ञा येई, "दाबा!" मी दाबी. "धरा!" मी धरी. "सोडा!" मी सोडी. मग खालून पाना आपटल्याचा आवाज, आणि त्यानंतर, "मास्तर, हवा खाल्ली तुमी!"

"मी कशाला हवा खाऊ, भाऊजी?"

"मंग का मी खाल्ली? मी तं खाली आहो!"

मी पेडलवरून पाय क्षणभर आधी उचलतो, हा आरोप माझ्यावर त्या दिवशी आला तो आमच्या नात्यात कायमचा झाला. लग्नकार्यात ओळख करून देताना भाऊजी तो सांगत. मुलाकडच्या, मुलीकडच्या, अनोळखी मंडळींना सांगत. लोक हसत, मीही हसे, आणि घरी जाताना स्कूटरवर एकटाच बसून दात खाई. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या, दोन मुलं शिकवलेल्या माणसाची जगाला ओळख काय, तर हा हवा खातो.

तरीही मी जात होतो, आणि का जात होतो तेही सांगतो. तीन तासांनी भाऊजी गाडीखालून निघत, कपाळापासून कोपरापर्यंत काळे, आणि मला उठवून स्वतः सीटवर बसत. पेडल दाबत. गिअर पडे. त्या वेळी त्यांचा चेहरा असा काही उजळे की मी माझी पोटरी विसरून जाई. "पाहा मास्तर, कसा लोण्यासारखा पडून राहिला!" मग ते मला फाटकापर्यंत सोडायला येत आणि बोलता बोलता, मला न विचारता, माझ्या स्कूटरची क्लचची तार ओढून पाहत, सैल असली तर खिशातल्या पान्याने घट्ट करून देत. माझी स्कूटर एकवीस वर्षं चालते आहे. ती माझ्यामुळे चालते असं मी कुणाला सांगत नाही.

दोन महिन्यांनी वायसर पुन्हा गेलं. भाऊजी म्हणाले, दुकानदाराने डुप्लिकेट दिलं. ते बदललं, मी पुन्हा साठ-सत्तर वेळा पेडल दाबलं. आणखी अडीच महिन्यांनी तिसऱ्यांदा गेलं, तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं. निघालेलं वायसर त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "तुमी जा मास्तर. मी गेलो तं त्याच्या दुकानात मारामारी होईन. तुमाले बोलता येते. चोट्टा आहे म्हणून सांगा त्याले."

अमरावती रोडवरचं ते दुकान. दुकानदार पिकल्या मिशांचा, शांत माणूस. मी चोर हा शब्द कसा वापरावा या विचारात असताना त्याने पुडी उघडली आणि त्या वायसरशेजारी एक कोरं वायसर ठेवलं. जुनं नव्यापेक्षा चांगलंच मोठं होतं, पाण्यात भिजलेल्या हरभऱ्यासारखं फुगलेलं आणि मऊ. त्याने ते नाकाशी नेलं.

"कौनसा तेल डालते हो, भाऊ?"

मी सांगितलं. त्याने हात पुसले. "ये मशीन का तेल है. गाडी का ये रबर इसको सहता नहीं, फूल जाता है. क्लच की छोडो, ब्रेक की डबी भी वही है ना? उसके रबर भी फूल रहे होंगे. किसी दिन ब्रेक दबाओगे और गाडी रुकेगी नहीं. पूरा तेल निकालो, सब रबर बदलो. तब तक गाडी चलाना मत."

तो बुधवार होता. रविवारी सावनेरला आमच्या मेहुण्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं आणि भाऊजींच्या गाडीतून आम्ही चौघांनी, ते, ताई, मी आणि माझी बायको, जायचं ठरलं होतं. रस्ता हायवेचा, कोळशाच्या ट्रकांचा. म्हणजे माझ्याकडे सांगायला चार दिवस होते.

बुधवारी मी सांगायचंच म्हणून गेलो. भाऊजी गाडीखाली वाट पाहत झोपलेले. "दिलं का बदलून चोट्ट्यानं?" "दिलं," मी म्हणालो, विकत घेतलेल्या दोन कोऱ्या वायसरांतलं एक त्यांच्या हातात दिलं आणि सीटवर जाऊन बसलो. गुरुवारी मी शहाणपणा केला. ब्रेकच्या खऱ्या तेलाचा डबा विकत घेतला आणि दुकानदाराने भेट दिला असं सांगून त्यांच्या पुढे ठेवला. म्हटलं, जुनं सगळं काढून हे टाकून पाहू. भाऊजींनी झाकण उघडून वास घेतला. "लाज वाटली असन त्याले," ते म्हणाले, आणि त्या तेलाने त्यांनी फाटकाचा जुना रंग काढला. फार सुरेख निघाला. शुक्रवारी मी धीर करून, "भाऊजी, ते तेल..." इथपर्यंत आलो. ते थांबले, चष्म्यावरून पाहत म्हणाले, "कोणतं तेल?" माझ्या तोंडून निघालं, "खोबऱ्याचं." शनिवारी मी गेलोच नाही.

भित्रेपणा होता, हे कबूल. त्या डब्यातलं तेल चुकीचं आहे असं म्हणणं म्हणजे त्यांच्या बत्तीस वर्षांवर बोट ठेवणं, ही भीती होतीच. पण आणखी एक गोष्ट होती, ती मी पुढे बरेच महिने बायकोलाही सांगितली नाही. मला भाऊजी चुकलेले हवे होते. तीस वर्षांत एकदा का होईना, हवा त्यांनी खाल्लेली मला पाहायची होती. दोन्ही वायसरं, फुगलेलं आणि कोरं, मी खिशात घेऊन चार दिवस हिंडत होतो आणि अधूनमधून बोटाने चाचपत होतो.

रविवारी सकाळी आम्ही वाडीला पोचलो. ताई नवी साडी नेसून फाटकाशी उभ्या, दोन शेजारणी साडी पाहायला आलेल्या. भाऊजी पांढऱ्या शर्टात, हातात चावी. मला पाहताच ते शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणाले, "या मास्तर. आज दाबायचं काम नाही, नुसतं बसायचं आहे. तेवढं तं जमन ना?"

सगळे हसले. माझी बायकोही हसली.

"मी या गाडीत बसणार नाही," मी म्हणालो. "हिलाही बसू देणार नाही."

"काहून जी?"

मग मी बोललो. वर्गात बोलतो तसा बोललो, मोठ्याने, मुद्द्यामागून मुद्दा, खडू तेवढा हातात नव्हता. दुकानदार चोर नाही. वायसर डुप्लिकेट नाही. तुमच्या डब्यातलं तेल या रबराला चालत नाही, क्लच तीनदा त्यानेच गेला आणि आता ब्रेकची पाळी आहे. शेजारणी एकमेकींकडे पाहू लागल्या. भाऊजी आधी हसले. "मास्तर, बत्तीस वर्षं मी त्याच तेलावर..."

"खाणीतल्या यंत्राचं रबर वेगळं, भाऊजी," मी म्हणालो, आणि खिशातून दोन्ही वायसरं काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

एवढं मी करायला नको होतं. माझ्याशी ते दिवसभर भांडले असते आणि जिंकलेही असते. पण त्यांनी कोरं वायसर चिमटीत धरून दाबलं, मग फुगलेलं दाबलं, मग पुन्हा कोरं. त्यांची बोटं त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. मला त्या क्षणी अतिशय आनंद व्हायला हवा होता, आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर झालाही. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी शाळेत पाहिला आहे, वर्गासमोर उभ्या केलेल्या मुलाचा. ताईंना ते एवढंच म्हणाले, "तू जाय यायच्या संगं. दुसरी गाडी करा." आणि शर्टाची बटणं काढत आत गेले.

भाड्याच्या गाडीतून आम्ही तिघं सावनेरला निघालो. अर्धा रस्ता मी समोरच्या ट्रकांचे नंबर वाचत होतो. मग बायको म्हणाली, "खरं होतं तुमचं. मी नाही म्हणत नाही. पण चार दिवस खिशात ठेवलं अन् चार लोकांत काढलं." ताई खिडकीबाहेर पाहत होत्या. "सकाळी सोता इस्त्री केला होता शर्ट त्यायनं," त्या म्हणाल्या. मला म्हणून नव्हे, असंच.

भाऊजी माझ्याशी भांडले नाहीत. भांडले असते तर मी सुटलो असतो. फोन केला की "हाव", "ठीक आहे", "ताईले देतो". डबा त्यांनी मागच्या गल्लीतल्या ट्रॅक्टरवाल्याला देऊन टाकला, टॉवेलसकट. मिक्सर आता दुकानात दुरुस्त होतो. या उन्हाळ्यात त्यांच्या घरी तयार प्लास्टिकचा कूलर आला. त्याच्यापुढे बसून पोहे व्यवस्थित खाता येतात. मी एक-दोनदा स्कूटर घेऊन मुद्दाम गेलो, ब्रेक कमी लागतो अशी तक्रारही केली. ते म्हणाले, "दाखवा न कोणाले तरी." नातेवाईक खूश आहेत. मास्तरांनी चौघांचे जीव वाचवले, असं आता लग्नकार्यात सांगितलं जातं, आणि भाऊजी तिथेच पंगतीत असतात, जेवत असतात. वाचले असतील जीव. त्या दिवशी ब्रेक लागले असते की नसते हे मला ठाऊक नाही, आणि आता ते कधीच कळायचं नाही. मोठ्या माणसाचं चुकलं तर त्याला एकटं गाठून सांगावं, ही साधी रीत मला माहीत होती. मी ती वर्गातल्या मुलांच्या बाबतीतही पाळली होती.

गेल्या महिन्यात अमरावती रोडने येताना एका गॅरेजमध्ये ती पांढरी गाडी दिसली. बॉनेट उघडं, एक मेकॅनिक सीटवर, एक खाली. बाजूच्या बाकावर भाऊजी बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, दवाखान्यात नंबरची वाट पाहणारे लोक बसतात तसे. मी स्कूटर लावून आत गेलो. त्यांनी सरकून मला जागा करून दिली. दोन कप चहा आला, तो आम्ही प्यालो. समोर काम चाललं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो की आता ते उठतील, त्या माणसाच्या हातातला पाना हिसकावून घेतील, मलाही चार शब्द सुनावतील. सुनावायला हवेत असं मला फार वाटत होतं.

ते माझ्याकडे किंचित झुकले आणि आतल्या लोकांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, हे बराबर करून राहिले का जी?"

इतक्या वर्षांत या माणसाने मला काही विचारलं नव्हतं. गाडीतलं मला काय कळतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हाव भाऊजी," मी म्हणालो. "बराबर आहे."

त्यांनी मान हलवली आणि ते पुन्हा समोर पाहू लागले. माझं म्हणणं त्यांना पटलं होतं.